विमानात स्टीम डेक

मागच्या महिन्यात मुंबई-फ्रँकफर्ट केलं तेव्हा पहिल्यांदाच स्टीम डेक, म्हणजे हातात धरून गेम खेळायचा छोटा कॉम्प्युटर, सोबत नेला. सिक्युरिटीला लॅपटॉपसारखाच काढून ट्रेमध्ये ठेवायला लावला, तिथल्या साहेबांनी उलटापालटा करून विचारलं, "गेम आहे का हा?", म्हटलं कॉम्प्युटरच आहे हो, लिनक्स चालतं यावर, तर हसले नि जा म्हणाले. बॅटरी ४० वॉट-अवरची, म्हणजे विमानात न्यायच्या बॅटरीसाठी असलेल्या १०० वॉट-अवरच्या लिमिटच्या बरीच आत. माझी २०,००० एमएएचची पॉवर बँक साधारण ७४ वॉट-अवरची, पण ती हँडबॅगेतच हं, चेक-इनमध्ये चालत नाही! सीटच्या यूएसबीवर मात्र भरवसा नको, खेळताना टक्के उतरतच राहतात. आणि घरीच ऑफलाइन मोड (इंटरनेटशिवाय खेळायची सोय) लावून प्रत्येक गेम एकदा उघडून बघा, मी आळस केला, एक उघडलाच नाही, मग काय, दोन तास मॅपवरचं विमान बघत बसलो.