अरुंधतीसाठी एक रात्र

घराच्या गच्चीवरून मला अरुंधती कधीच दिसली नव्हती. सप्तर्षींच्या शेपटीतला मधला तारा वसिष्ठ आणि त्याच्या शेजारी ती, हे लहानपणापासून पाठ होतं. वसिष्ठ दिसायचा, ती नाही. दर वेळी चष्म्याचा नंबर बदलला की गच्चीवर जायचे आणि खाली येताना डोळ्यांनाच बोल लावायचे. जुन्या काळी अरब लोक याच जोडीवरून नजर पारखत असत, हे वाचल्यापासून तर आपली नजर अधू आहे हे मी धरूनच चालले होते.

म्हणून एप्रिलमधली अमावास्या गाठून एका मैत्रिणीबरोबर पठारावर गेले. डांबरी रस्ता संपल्यावर तासभर चढ होता. दुर्बिणीची नळी तिच्या पाठीवर, तिपाई माझ्या खांद्यावर. वर पोचलो तेव्हा पश्चिमेला ढगांचा पट्टा होता आणि तो सरकत आपल्याच डोक्यावर येणार असं वाटून मला रडू यायचं बाकी होतं. अंधार पडता पडता तो विरून गेला. मग आम्ही मोबाइल बंद केले, बॅटरीवर लाल कागद लावला आणि अर्धा तास नुसत्या बसून राहिलो. डोळे अंधाराला सरावायला तेवढा वेळ लागतोच.

ईशान्येला सप्तर्षींचा पतंग शेपूट खाली करून उभा होता. "तिला शोधू नकोस," मैत्रीण म्हणाली, "आधी वसिष्ठावर नजर ठेव." स्थूलारुंधतीन्याय म्हणतात तो हाच: आधी जवळचा ठळक तारा, मग त्याच्या आधाराने बारीक तारा. मी वसिष्ठाकडे पाहिलं आणि ती तिथे होतीच. शोधावी लागलीच नाही. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. तरीही होती.

खरं तर गणित साधं आहे, ते मीच कधी मांडलं नव्हतं. दोघांमधलं अंतर सुमारे 12 कलांचं (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग), म्हणजे पूर्ण चंद्राच्या रुंदीच्या एक तृतीयांशाहून थोडं जास्त. चांगल्या नजरेला एका कलेइतकं अंतरही वेगळं ओळखता येतं. तेव्हा दोन तारे वेगळे दिसणं हे काही मोठं कसब नव्हे. अडचण उजेडाची आहे. वसिष्ठ दुसऱ्या प्रतीचा तारा, अरुंधती चौथ्या प्रतीची, त्याच्यापेक्षा साधारण सहापट मंद. शहराच्या आकाशात वसिष्ठ तग धरतो आणि ती दिव्यांच्या उजेडात बुडून जाते. इतकी वर्षं मी डोळ्यांना दोष दिला आणि दोष आकाशाचा होता. त्या पठारावर बसून मला याचा आनंद झाला तसा रागही आला.

दहा वाजता दुर्बीण लावली. वसिष्ठ स्वतःच दोन ताऱ्यांचा आहे, हे माहीत असूनही तो फुटून दोन झालेला पाहताना मी श्वास धरला होता. बेनेदेत्तो कास्तेल्ली या शिष्याच्या सांगण्यावरून गॅलिलिओनेही 1617 मध्ये हेच दोन तारे पाहून त्यांच्यातलं अंतर टिपून ठेवलं होतं. वसिष्ठ आणि अरुंधती यांच्या मधल्या जागेत आणखी एक फिकट ठिपका होता. तो बघायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला आणि तोच मला सगळ्यात आवडला. 1722 मध्ये लीबक्नेख्ट नावाच्या जर्मन अभ्यासकाला तो नवा ग्रह वाटला आणि त्याने आपल्या राजाचं, लुडविगचं, नाव त्याला देऊन टाकलं. प्रत्यक्षात तो फार मागे असलेला एक तारा निघाला, पण नाव अजून टिकून आहे.

पुढचं दुर्बिणीतूनही दिसत नाही. वसिष्ठाच्या दोन घटकांपैकी प्रत्येक पुन्हा जोडतारा आहे. त्यातली ठळक जोडी वीस दिवसांत एकमेकींभोवती फेरी पूर्ण करते. 1889 च्या सुमारास वर्णपटातल्या रेषा दुहेरी होताना पाहून हे उमगलं. अरुंधतीचा तांबडा, खुजा सोबती तर 2009 मध्ये सापडला. नुसत्या डोळ्यांना दोन, आणि आहेत सहा, सुमारे 80 प्रकाशवर्षांवर. मैत्रीण हे सांगत होती तेव्हा मी दुर्बीण सोडून परत उघड्या डोळ्यांनीच बघत बसले होते.

रात्रभर पतंग डोक्याकडे चढला, मग वायव्येला कलला. पाच वाजून गेल्यावर पूर्वेला फटफटू लागलं. मी त्या दोघांवरची नजर हलवली नाही. आकाश राखाडी झालं तशी अरुंधती मधूनच हरवू लागली, पुन्हा सापडली, आणि मग दिसेना. डोळे तेच होते, चष्माही तोच. वसिष्ठ अजून चमकत होता, अगदी माझ्या गच्चीवरून दिसतो तसा एकटा.