बेपत्ता माणसाची सही

नॉर्वेत ईस्टरची सुट्टी लागली की लोक डोंगरातल्या लाकडी घरांत राहायला जातात आणि सोबत संत्री, चॉकलेट आणि एखादी खुनाची कादंबरी नेतात. पुस्तकांच्या दुकानांत त्यासाठी वेगळं टेबल मांडलेलं असतं, टीव्हीवर गुन्ह्यांच्या मालिका सुरू होतात आणि दुधाच्या खोक्यावरसुद्धा एक छोटीशी रहस्यकथा छापून येते. ही प्रथा १९२३ सालची. तेव्हा ओस्लोचं नाव क्रिस्तियानिया होतं. तिथल्या मोठ्या वृत्तपत्राच्या पहिल्या पानावर, बातमीच्या मथळ्यासारखीच, ‘बर्गनची रेल्वे रात्री लुटली’ अशी ओळ छापून आली. ज्यांची माणसं त्या गाडीत होती ते हादरले, त्यांनी चौकशा सुरू केल्या. ती होती एका नव्या कादंबरीची जाहिरात. दोन तरुण विद्यार्थ्यांनी टोपणनावानं लिहिलेली ती कादंबरी ईस्टरच्या तोंडावर धडाक्यात खपली, आणि तेव्हापासून हे चालूच आहे.

यंदा अशाच एका लाकडी घरात मी एक मराठी कादंबरी नेली होती. हिवाळ्यात गावी आले होते तेव्हा नागपुरात सीताबर्डीवर तिच्या दोन प्रती घेतल्या. एक माझ्यासोबत इकडे नॉर्वेत आली, दुसरी आमच्या गावच्या वाचनालयात ठेवली. गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यात. वाचनालय ‘ड’ वर्गाचं, म्हणजे १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखालच्या चार वर्गांतलं शेवटचं. टेबलावर पेपर, भिंतीला लोखंडी कपाट, आणि संध्याकाळी येणारी ठरावीक माणसं. कादंबरीचं नाव मी इथे देत नाही, कारण पुढे तिचं रहस्य सांगावंच लागणार आहे आणि ज्याला ती वाचायची असेल त्याची मजा मला घालवायची नाही.

गोष्ट आपल्याच भागातली आहे. एक जुना वाडा, दोन भाऊ, एक लग्न होऊन गेलेली बहीण. आईवडील वारलेले. वाटणी १९६५ सालीच झालेली, दोघांच्या नावावर पन्नास-पन्नास एकर कोरडवाहू. धाकटा अविवाहित. १९७४ च्या पावसाळ्यात एका रात्रीनंतर तो कुणाला दिसत नाही. घरचे सांगतात, मोठ्या भावाशी बोलाचाली झाली आणि तो पहाटे शकुंतला रेल्वेनं मूर्तिजापूरला निघून गेला, पुढे मुंबईला गेला असेल. मग चारशे पानं वाडा, पाऊस, स्वयंपाकघर, गुरांचा कोठा, आणि त्या एका वाक्याभोवती जगणारी माणसं. पोलीस येत नाहीत, पाठलाग होत नाही, कुणी कुणाला धमकीसुद्धा देत नाही. बहीण दरवर्षी भाऊबीजेला येते, दोन ताटं तयार करते, एकालाच ओवाळते आणि विचारते, “त्याचं पत्र आलं का?”

मला ही कादंबरी फार आवडली. गावात मात्र तिच्यावरून बऱ्यापैकी वाजलं.

पहिली तक्रार चुलतभावाची. त्यानं व्हॉइस मेसेज पाठवला, “ताई, मले तं चाळीस पानातच समजलं का धाकटा कुठी गेलाच नाई म्हणून. मंग बाकीचे साडेतीनशे पानं कायले वाचू?” पुस्तक त्यानं नव्वदाव्या पानाशी सोडलं. त्याला कसं समजलं हे विचारायची गरज नव्हती, कारण मोठ्या आईलाही तेच समजलं होतं. तिचे डोळे आता साथ देत नाहीत, नात तिला दुपारी कूलरपुढे बसून वाचून दाखवायची. शकुंतलेचा उल्लेख आला तशी ती म्हणाली, “शकुंतलेनं गेला म्हंते अन् कोणालेच दिसला नाई? असं होते का माय?”

ज्यांनी ती गाडी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. शकुंतला म्हणजे यवतमाळ ते मूर्तिजापूर पूर्वी धावणारी अरुंद रुळांची गाडी. इंग्रजांच्या काळात खासगी कंपनीनं इथला कापूस बाहेर न्यायला हा मार्ग टाकला. सव्वाशे किलोमीटरही अंतर नाही, पण जायला सहा-सात तास लागत. १९९४ पर्यंत तिला वाफेचं इंजिन होतं. डब्यात बसलेला प्रत्येक जण कुणाचा तरी सोयरा असायचा. लाडखेडला चढलेल्या माणसाची दारव्ह्याला विचारपूस व्हायची. त्या गाडीनं कुणी गुपचूप निघून गेला, हे आमच्याकडच्या माणसाला पटणारच नाही. लेखकाला हे माहीत असणार. मला तर वाटतं त्यानं हे खोटं मुद्दाम इतकं कच्चं ठेवलं आहे. गावातल्या सगळ्यांना ते कळलं असणार आणि तरी तीस वर्षं सगळे ते खरं मानून चालले, ही त्या पुस्तकातली सगळ्यात भयंकर गोष्ट आहे. पुण्यातल्या माझ्या मैत्रिणीला मात्र शेवटपर्यंत वाटत होतं की धाकटा परत येईल.

चुलतभावाचं म्हणणं मी उडवून लावत नाही. रहस्यकथा हातात घेणारा माणूस काहीतरी शोधायला बसलेला असतो, आणि ते चाळिसाव्या पानावर सापडलं तर त्यानं पुढे कशासाठी जायचं? याचं उत्तर त्याला मिळालं ते आमच्या पटवारी काकांकडून.

काका निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. सरकारी कागदांत पद ‘तलाठी’ असलं तरी आमच्याकडे पटवारीच म्हणतात. ते कादंबऱ्या वाचत नाहीत, पण यात सातबारा आणि फेरफाराची पानंच्या पानं आहेत असं कुणीतरी सांगितलं म्हणून त्यांनी नेली. बाकी सगळ्यांनी जी पानं भराभर उलटली, ती त्यांनी पेन्सिल घेऊन वाचली. मग मला फोन केला. “बाई, तुझी प्रत काढ. ते सीलिंगचं प्रकरण आहे ना, तिथं विवरणपत्र आलंय. खाली सही कोणाची आहे पाहा.”

मी पाहिलं. सही धाकट्याची होती.

मी ते पान आधी वाचून पुढे गेले होते. तिथे लेखक काहीच बोलत नाही. मोठा भाऊ तहसीलमधून परत येतो, पिशवीतून कागद काढतो, बायको ते तांदळाच्या डब्याखाली ठेवते, एवढंच. कागदाचं वर्णन दोन ओळींचं. काकांनी फोनवर मला सगळं नीट उलगडून सांगितलं. महाराष्ट्रात जमिनीच्या कमाल मर्यादेचा कायदा १९६१ चा, पण १९७५ मध्ये मर्यादा बरीच खाली आणली गेली. कोरडवाहू असेल तर एका कुटुंबाला ५४ एकर, त्यावरची जमीन ‘सीलिंगमध्ये’ गेली. मोठ्याकडे पन्नास होती, म्हणजे तो मर्यादेत होता. आता धाकटा मेला असं नोंदवलं तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानुसार काय होतं? बायको-मुलं नाहीत, आईवडील नाहीत, म्हणून त्याचे पन्नास एकर भाऊ आणि बहीण यांच्यात सारखे वाटले जाणार. पंचवीस बहिणीकडे जातील. मोठ्याचे होतील पंच्याहत्तर, त्यातले एकवीस सरकारजमा. धाकटा जिवंत असला तर यातलं काहीच होत नाही. त्याची पन्नास एकर त्याच्या नावावर, आणि वाहणारा मोठा.

“म्हणून त्याची तेरवी केली नाही,” काका म्हणाले. “तेरवी केली असती तर गाव जेवलं असतं. गाव जेवलं की कोतवालाला कळलं, कोतवालाला कळलं की पटवाऱ्याला वारस नोंद घ्यावी लागते.”

हे ऐकल्यावर मी पुस्तक पुन्हा पहिल्यापासून वाचलं. कादंबरी इतकी सावकाश का चालते ते मला तेव्हा नीट समजलं. धाकटा कसा मेला हे एका रात्रीत घडून गेलं, बहुधा रागाच्या भरात. खरा गुन्हा पुढची तीस वर्षं चालला, थोडा थोडा, रोज. दर उन्हाळ्यात त्याच्या नावाचा शेतसारा भरला गेला. दर सर्वपित्री अमावास्येला घरातल्या सगळ्या गेलेल्या माणसांची नावं घेतली गेली आणि त्याचं वगळलं गेलं. सात वर्षं ज्याची काही खबर नाही तो मेला असं कायदा मानू शकतो, १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम १०८ तेच सांगायचं. म्हणून सातवं वर्ष सरायच्या आत मोठा भाऊ मुंबईहून एक मनिऑर्डर ‘येववतो’. हे सगळं शंभर पानांत कसं सांगणार? वाचणाऱ्यालाही त्या घरात राहावं लागतं.

चुलतभावाला हे सांगितलं. तो थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, “मनिऑर्डरवाला भाग कितव्या पानावर हाय?” आता त्यानं पुस्तक परत नेलं आहे.

वहिनीचं वेगळंच. तिनं दोन रात्रींत संपवलं. दिवसभर तुरीच्या डाळीचं वाळवण, भट्टीसारखं ऊन, आणि रात्री दिव्याशी हे. सीलिंगशी तिला काही देणंघेणं नव्हतं, तिचं लक्ष मोठ्या सुनेवर होतं. ही बाई पहिल्या रात्रीपासून सगळं जाणते. पहाटे उठून अंगणात सडा घालते, त्या दिवशी नेहमीपेक्षा लांबवर, कोठ्याच्या दारापर्यंत. लेखक यापलीकडे एक शब्द लिहीत नाही. वहिनी म्हणाली, “तिचा इतका राग येते, इतका राग येते. अन् मंग वाटते, दोन लेकरं पदरात, माहेरी भाऊ विचारत नाई, कोणाले सांगितलं असतं तिनं?” माझ्या मते या कादंबरीबद्दल मी ऐकलेलं हे सगळ्यात खरं वाक्य.

शाळेतल्या सरांना मात्र ती पटली नाही, आणि त्यांचा मुद्दा मला खोडता येत नाही. ते म्हणाले, चारशे पानांत एकदाही कुणी हसत नाही. आमच्या भागात असं होत नाही. मयतीच्या पंगतीतही कुणीतरी गेलेल्या माणसाची नक्कल करतो आणि त्याची बायकोसुद्धा पदर तोंडाला लावून हसते. अंधार दाखवायचा म्हणून लेखकानं माणसांचा हा स्वभावच काढून टाकला आणि म्हणून वाडा खरा वाटतो, गाव खोटं वाटतं. मधली शंभर पानं तर मलाही जड गेली. सारखा पाऊस. आमच्या प्रतीचा एक फोटो पुतणीनं पाठवला, एकशे बारावं पान. समासात कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलंय, ‘अजूनही पाऊसच पडून राह्यला.’ त्याखाली दुसऱ्या अक्षरात, ‘पडू द्या. वाचा.’

इकडे ईस्टरला मी ही गोष्ट त्या लाकडी घरात सांगितली, माझ्या सहकारी मैत्रिणीच्या घरच्यांना. बाहेर कमरेइतका बर्फ, आत शेगडी पेटलेली. तिच्या नवऱ्यानं, तो ओस्लोत वाढलेला, लगेच विचारलं की बहीण पोलिसांत का गेली नाही. तिचे वडील पश्चिम किनाऱ्यावरचे शेतकरी, मेंढ्यांचं शेत आहे त्यांचं. ते बराच वेळ ऐकत होते. त्यांचा पहिला प्रश्न होता, “बहिणीला शेवटी जमीन मिळाली का?”

मग मला कळलं ते असं की शेत घरातच राहावं आणि थोरल्याला त्यावर पहिला हक्क असावा, हे नॉर्वेच्या १८१४ च्या राज्यघटनेपासूनच रक्षिलेलं आहे. आधी मुलगे पुढे असत. १९७४ च्या कायद्यानं मुलगा-मुलगी हा भेद काढला, पण तो १९६५ नंतर जन्मलेल्यांसाठी. त्यांची थोरली बहीण त्याआधीची. शेत त्यांना मिळालं, तिला नाही. ते एवढंच बोलले आणि लाकूड आणायला बाहेर गेले. त्यांच्या बायकोनं मला हळूच सांगितलं की दोघं बोलतात, पण शेताबद्दल कधीच नाही. माझ्या पुस्तकातल्या वाड्याशी त्यांच्या घराची तुलना करणं चुकीचं होईल, त्यांच्याकडे कुणाचा जीव गेला नाही. पण त्यांना पोलीस कुठे आहेत असं विचारावंसं वाटलं नाही, आणि संथपणाची तक्रारही त्यांनी केली नाही. उलट मधेच थांबले की विचारायचे, पुढच्या वर्षी भाऊबीजेला ती आली का?

शेवटावर मात्र गावात अजून समेट नाही. कादंबरीत हाडं सापडत नाहीत. बहीण म्हातारी होते, मोठा भाऊ मरतो, वाडा विकला जातो, आणि धाकट्याचं नाव सातबाऱ्यावर तसंच राहतं. पटवारी काका म्हणतात हाच योग्य शेवट, अशी नावं त्यांनी स्वतः पाहिली आहेत, वारस नोंद न झालेली, पिढ्यान्‌पिढ्या कागदावर जिवंत. मीही त्यांच्याच बाजूची होते.

मोठ्या आईला हे अजिबात मान्य नाही. मोठा मेल्यावर भीती कुणाची उरली, असं तिचं म्हणणं. सीलिंग गेलं, जमीन गेली, वाडा गेला. बहीण अजून आहे, तिच्या हातात दोन पैसे आहेत. मग तिनं निदान पिठाचा गोळा करून का होईना भावाचं करायला पाहिजे होतं. “कागदाचं कागदानं पाहावं,” ती फोनवर म्हणाली, “त्या पोराले जेवाले कोण देईन?” चारशे पानं ऐकल्यावर हा प्रश्न विचारायचा हक्क तिला नक्कीच आहे, आणि तिच्याशी बोलल्यापासून मलाही तो शेवट पूर्वीइतका पक्का वाटत नाही.

तिनं नातीला बसवून लेखकाला पत्र लिहायला लावलं आहे, प्रकाशकाच्या पत्त्यावर. पुढच्या आवृत्तीत बहिणीकडून तेरवी करून घ्या, म्हणून. साहित्य काय लागेल त्याची यादीही सोबत जोडली आहे. पत्र मागच्या आठवड्यात टपालात पडलं.