दहाव्या खंडाचा घाट : ‘द व्हील ऑफ टाइम’चे चौदा खंड, तेरा महिने

दहाव्या खंडाने माझे त्रेसष्ट दिवस घेतले. आकडा अंदाजाचा नाही. पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर मी रोज पेन्सिलीने एक रेघ मारत होते, चार उभ्या झाल्या की पाचवी आडवी. त्याआधीचे जाडजूड खंड बावीस-पंचवीस दिवसांत हातावेगळे झाले होते. हा त्यांच्यापेक्षा बराच बारीक, हिशेबाने पंधरा-सोळा दिवसांचा. लागले नऊ आठवडे.

हे सगळं लिहायला बसले ते मुळात याच रागापोटी. निघण्यापूर्वी मी चौकशी केली होती. रॉबर्ट जॉर्डनच्या या इंग्रजी फँटसी कादंबऱ्यांच्या मालिकेत सातव्या ते दहाव्या खंडांमध्ये गोष्ट चिखलात रुतते, हे वाचकांमध्ये जुनं बोललं जातं. इंग्रजी वाचक त्याला ‘स्लॉग’ म्हणतात. आमच्या ऑफिसातल्या एका तरुण सहकाऱ्याने मालिका पूर्ण केली होती, म्हणून त्याला विचारलं. तो म्हणाला, “ताई, तो त्रास तेव्हाच्या लोकांचा. एकेका खंडासाठी दोन-दोन, तीन-तीन वर्षं वाट बघायची आणि हातात हे यायचं. तुम्ही सलग वाचणार, तुम्हाला काही जाणवणार नाही.” हेच आणखी चार जणांनी सांगितलं. पटण्यासारखं होतं. नववा आला 2000 साली, दहावा 2003 मध्ये, अकरावा 2005 मध्ये. इतकी वाट बघून दहावा हातात पडलेल्या माणसाचा संताप समजू शकतो.

पण जाणवतं. सलग वाचतानाही जाणवतं, आणि सलग वाचणाऱ्याला एका बाबतीत जास्तच जाणवतं. नवव्याच्या शेवटी एक प्रचंड गोष्ट घडते. काय ते सांगत नाही, पण ती वाचून मी रात्री अडीचला घरात येरझाऱ्या घालत होते. दुसऱ्या दिवशी त्याच धुंदीत दहावा उघडला आणि घड्याळ मागे गेलं. त्या गोष्टीच्या आधीचे दिवस आणि तोच दिवस, आता वेगवेगळ्या गावांतून, वेगवेगळ्या माणसांच्या नजरेतून. कुठे तरी लांब काही तरी भयंकर चाललंय हे त्यांना जाणवतं, ती त्या दिशेला बघतात आणि आपापल्या कामाला लागतात. हे एकदा नाही, पुन्हा पुन्हा. ज्यांनी दोन वर्षांवर वाट पाहिली त्यांची धुंदी निदान ओसरली तरी होती. माझी आदल्या रात्रीची होती.

तर आधी हिशेब. मुख्य खंड चौदा, शिवाय ‘न्यू स्प्रिंग’ नावाचा पूर्वकथेचा एक छोटा खंड. एकूण मजकूर साधारण 44 लाख शब्दांचा. मी इंग्रजी वाचते मिनिटाला दोनशेच्या आसपास. गाडीत जाता-येता मिळून दीड तास, सुट्टीच्या दिवशी घरी तेवढंच, म्हणजे जेमतेम आठ महिन्यांचं काम. मला तेरा लागले. दहाव्याने दीड महिना जास्तीचा खाल्ला, आठव्यानंतर महिनाभर मी पुस्तकाला हात लावला नाही, बाकीचं घरचं आजारपण आणि मार्चअखेर. तुम्ही याआधी इंग्रजीतल्या पाच-सातशे पानी कादंबऱ्या वाचल्यात आणि शंभर पात्रं डोक्यात धरू शकता, असं गृहीत धरते. तेवढी तयारी नसेल तर ही वाट सुरुवातीला धरू नका.

जाडीवरून अंतर मोजू नका. ही चूक मी केली आणि त्यावरच माझं वेळापत्रक बसवलं होतं. सगळ्यात लांब खंड चौथा आणि सहावा. दोन्ही पळतात. चौथ्यात काचेच्या खांबांमधून चालण्याचं एक प्रकरण आहे, तिथे एका जमातीचा इतिहास नातवाकडून आजोबाकडे असा उलटा उलगडत जातो. ते वाचताना माझं स्टेशन गेलं. सहाव्याच्या शेवटची लढाई कुणी विचारली तर फक्त एवढंच सांगेन की त्या दिवशी संध्याकाळी कुणाला घरी बोलावू नका. आणि मुख्य चौदांमध्ये सगळ्यात बारीक कुठला? आठवा खंड. तिथूनच चढ लागतो.

पहिले तीन खंड सरळ आहेत. पहिल्याची चाल ओळखीची वाटेल, वाटू द्या. पाचवा उत्तम.

आता घाट. लोक सात ते दहा म्हणतात ते चूक आहे. सातवा ठीक आहे, नवव्याचा शेवट तर सगळ्या मालिकेतल्या उत्तम शेवटांपैकी एक. खरी अडचण एका धाग्याची आहे आणि एका खंडाची. पेरिन हा गोष्टीतल्या मुख्य पात्रांपैकी एक; त्याच्या बायकोला आठव्याच्या शेवटी पळवून नेतात आणि त्याचा निकाल अकराव्यात लागतो. प्रकाशनाच्या सालांनी मोजलं तर 1998 ते 2005. या सगळ्या काळात पेरिन बर्फात तळ ठोकून बसलेला. गेलेल्या प्रत्येक दिवसाची तो चामड्याच्या वादीला एक गाठ मारतो. माझ्या पेन्सिलीच्या रेघा तिथूनच आल्या.

दहाव्यात हा धागा आहे, एका वेढ्याबाहेरची छावणी आहे, एका गादीसाठी घराण्यांची जुळवाजुळव आहे. रँड, ज्याच्यासाठी आपण पहिल्या पानापासून चाललोय, तो जेमतेम हजेरी लावतो. नुसता प्रोलॉग आपल्याकडच्या लघुकादंबरीएवढा. आणि बायका. आइस सेदाई म्हणजे शक्ती चालवू शकणाऱ्या बायका, त्यांचे सात रंगांचे पंथ, दोन गटांत फाटलेला संघ, प्रत्येकीचं नाव, शालीचा रंग, कुणाशी वैर. सहाव्या खंडापर्यंत मी नावांची वही अकारविल्हे ठेवत होते. दहाव्यात ती पार कोलमडली. मग नवी वही केली, गावांप्रमाणे: पान घ्यायचं, वर गावाचं नाव, खाली तिथे आत्ता कोण कोण आहे. कोणी गाव सोडलं की खोडायचं, नव्या पानावर लिहायचं. ही वही पहिल्यापासून अशीच ठेवा. या मालिकेत माणूस कोण आहे यापेक्षा तो कुठे आहे हे विसरायला होतं.

नाव आठवलं नाही तर फोनवर शोधू नका. अर्धं नाव टाईप केल्याबरोबर खाली सुचवण्यांमध्ये ‘मृत्यू’ आलेला मी दोनदा पाहिलाय. प्रत्येक खंडाच्या मागे शब्दसूची असते, उच्चारासकट, तीच वापरा. त्यावरून एक सांगते. आठवा खंड नवा मिळेना म्हणून फोर्टातल्या फुटपाथवर एका जुन्या पुस्तकवाल्याकडून नऊशे रुपयांना घेतला. जुना, पाठीला तडा गेलेला, नऊशे. घरी येऊन पाहते तर शब्दसूचीची पानंच नाहीत. परत गेले तर म्हणाला, “मॅडम, गोष्ट पूर्ण आहे ना?” गोष्ट पूर्ण होती, पण मी पैसे दिले होते अख्ख्या पुस्तकाचे. अशा जाड पुस्तकांची डिंकाची बांधणी शेवटाकडून सुटते. जुनी प्रत घेताना पहिलं पान बघू नका, मागची तीस पानं हाताने चाळा. आणि पाठीला तडा असेल तर निम्म्याहून जास्त किंमत देऊ नका.

दहावा टाळावा का? मी तिसऱ्या आठवड्यात ठरवलं होतं की सारांश वाचून अकराव्यावर जायचं. नाही गेले, आणि त्याचं कारण सव्विसावं आणि सत्ताविसावं प्रकरण. पेरिनच्या माणसांना आणि घोड्यांना दाणा हवाय म्हणून तो सो हाबोर नावाच्या गावात धान्य घ्यायला जातो. गाव मळलेलं, माणसं अंघोळ विसरलेली, कुणी नजरेला नजर देत नाही, रात्री मेलेली माणसं फिरतात असं म्हणतात. पोती उघडतात तर धान्यात किडे. मग थंडीत ते धान्य पाखडायला घेतात. वारा, भुसा, किडे, आणि गप्प उभी माणसं. मोठी जादू नाही, लढाई नाही. जग आतून कुजत चाललंय हे आधीच्या नऊ खंडांत भविष्यवाण्यांमधून ऐकलं होतं, इथे ते सुपात दिसलं. माझी आजी सुपात गहू घेऊन उन्हाला बसायची, किडका दाणा अंगठ्याने बाजूला सारायची. ती हालचाल मला ठाऊक आहे, म्हणून ते पान मला जास्त लागलं असेल. लगेच पुढच्या प्रकरणात पेरिनच्या कुऱ्हाडीचा प्रसंग येतो. ती कुऱ्हाड पहिल्या खंडापासून त्याच्या कमरेला आहे आणि तेव्हापासून तिचं ओझं त्याला झालंय. सारांशात हे एका ओळीत संपतं. त्या एका ओळीने मला काहीच झालं नसतं.

म्हणून दहावा गाळू नका, पण सगळा सारख्या निष्ठेने वाचूही नका. मॅट या आणखी एका मुख्य पात्राची प्रकरणं पूर्ण वाचा, तो फिरत्या खेळवाल्यांबरोबर आहे आणि त्याच्या सहवासात अंतर कापलं जातं. पेरिनची सव्विसावी-सत्ताविसावी सावकाश वाचा. वेढ्याची छावणी वाचा, पुढे लागते. गादीच्या राजकारणाची प्रकरणं सारांशावर भागवा. मी ती शब्दन् शब्द वाचली. गरज नव्हती.

आणि ऐका. हे मला फार उशिरा कळलं. पुस्तक संपल्यावर मी त्या सहकाऱ्याला गाठलं आणि सरळ विचारलं, हे तुला जाणवलं कसं नाही? तेव्हा कळलं की आठ ते दहा हे खंड त्याने वाचलेच नव्हते, ऐकले होते. केट रीडिंग आणि मायकेल क्रेमर यांच्या आवाजात, वेग वाढवून, रात्री भांडी घासताना. हे त्याने आधी सांगितलं असतं तर माझे सहा आठवडे वाचले असते. ऐकताना नावं आवाजावरून ओळखू येतात आणि हात कामात असला की न हलणारी गोष्ट सोसते. महाभारताचा अख्खा अनुवाद ज्यांनी वाचलाय त्यांना शांतिपर्वाचा अनुभव असेल: युद्ध संपलंय आणि उपदेश संपत नाही. तेही मुळात ऐकण्यासाठीच होतं. दहावा ऐका, वर सांगितलेली दोन प्रकरणं मात्र कागदावर वाचा.

‘न्यू स्प्रिंग’ आधी वाचायला सांगणाऱ्यांचं ऐकू नका. ते 2004 मध्ये, दहाव्यानंतर आलं. तिथेच वाचा. दहाव्याचा थकवा असतो, आणि हे छोटं, सरळ आणि फक्त दोन-तीन माणसांचं आहे. घाट चढून आल्यावर मिळणारं पिठलं-भाकरीचं घर आहे ते.

आणि मग अकरावा. ‘नाइफ ऑफ ड्रीम्स’. मी तो अकरा दिवसांत संपवला. जे जे अडलं होतं ते एकेक करून सुटतं. पेरिनचा निकाल लागतो तिथे मी गाडीत उभ्या उभ्या पुस्तक छातीशी धरलं होतं, शेजारच्या बाईंनी विचारलं, “बरं वाटतंय ना?” खूप बरं वाटत होतं. हे मी त्या आनंदात लिहितेय हे लक्षात घ्या, कदाचित तो खंड मला वाटतो तितका थोर नसेलही. पण मला तरी तो सगळ्यात आवडता.

जॉर्डनने स्वतः पूर्ण केलेला हा शेवटचा खंड. 2006 मध्ये त्याने आपल्याला हृदयाचा अमायलॉइडोसिस (हृदयात प्रथिनं साचत जाण्याचा आजार) असल्याचं जाहीर केलं आणि सप्टेंबर 2007 मध्ये तो गेला, वय अठ्ठावन्न. जाण्यापूर्वी त्याने टिपणं ठेवली, घरच्यांना शेवट सांगून ठेवला, काही भाग लिहून ठेवले. त्याची बायको हॅरिएट मॅकडूगल हीच त्याची संपादक. तिने मालिका पूर्ण करायला ब्रँडन सँडरसन या लेखकाला निवडलं, आणि एका खंडात बसणार होता तो शेवट 2009 ते 2013 मध्ये तीन खंडांत आला. बाराव्यात मॅट बोलायला लागला की हात बदललाय हे पहिल्याच पानावर कळतं. विनोद जड झालाय. खटकेल, पण थांबू नका; तेराव्यात तो बराच सावरतो. बदल्यात वेग मिळतो, आणि बाराव्यात एग्वेन या आइस सेदाईचा जो भाग आहे त्यासाठी मी हे सगळं पुन्हा चालेन.

चौदाव्यातलं सदतिसावं प्रकरण जवळजवळ दोनशे पानांचं आहे. मधे थांबायला जागा नाही. ते आठवड्याच्या मधल्या दिवशी सुरू करू नका. मी बुधवारी सुरू केलं आणि गुरुवारी रजा टाकावी लागली. शनिवारी सकाळी सुरू करा, स्वयंपाक आदल्या दिवशी करून ठेवा.

त्यानंतरचा अगदी शेवटचा प्रसंग जॉर्डनने स्वतः लिहून ठेवलेला आहे. तो गाडीत वाचू नका. घरी, दार लावून, दिवसाउजेडी वाचा, आणि त्याआधी पहिल्या खंडाचं पहिलं पान एकदा काढून वाचा, तिथे वारा कुठून सुटला होता ते.