वांग घालवायला गेले आणि वर्षभर चेहरा सांभाळत बसले

दुसऱ्या बाळंतपणानंतर माझ्या गालांवर वांगाचे डाग आले. डावीकडे जास्त, उजवीकडे कमी. नागपूरला एका पतसंस्थेत काउंटरवर बसते मी, म्हणजे दिवसभर येणारा प्रत्येक माणूस तोंडाकडे बघूनच बोलणार. त्यातल्या निम्म्या बाया पासबुक पुढे करता करता उपाय सांगून जायच्या. कोणी म्हणे जायफळ उगाळून लाव, कोणी म्हणे बटाट्याचा रस. शेवटी पार्लरवालीने एका क्रीमचं नाव कागदावर लिहून दिलं. "मेडिकलमध्ये मिळते ताई. रात्री लावा, आठ दिवसांत फरक बघा."

आठ दिवसांत खरंच फरक पडला. डाग फिके झाले, पुटकुळ्या गेल्या, चेहरा तुळतुळीत झाला. जाऊबाईंनी विचारलं, "काय लावून राहिली वं आजकल?" मी मोठ्या दिमाखात तिलाही नाव सांगितलं, याचं आजही वाईट वाटतं. मेडिकलवाल्याने ना चिठ्ठी मागितली, ना मी विचार केला. ट्यूब संपली की दुसरी. असं दीड वर्ष चाललं. पावसाळ्यात नवऱ्याला मांडीवर गजकर्ण झालं, तर त्यालाही हीच ट्यूब दिली. खाज दोन दिवसांत थांबली, गोल मात्र महिनाभरात दुप्पट झाला. तेव्हाही डोक्यात प्रकाश पडला नाही.

पडला तो माहेरी गेले तेव्हा. ट्यूब घरीच राहिली होती. तिसऱ्या दिवशी पोळ्या करताना तव्याची वाफ तोंडावर आली आणि असं भाजल्यासारखं झालं की लाटणं टाकून मी मोरीत जाऊन गार पाणी मारलं. आरशात बघते तर कानापासून हनुवटीपर्यंत लालभडक, आणि गालांवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक लाल शिरा. ओठांच्या कडेला काळी लवही दिसली. ती आधीपासून असणार. मी फक्त डागांकडेच बघत होते.

परत आल्यावर त्वचारोगतज्ज्ञांकडे नंबर लावला. फोनवरच सांगितलं होतं, चेहऱ्याला जे जे लावता ते सगळं पिशवीत घालून आणा. माझ्या पिशवीत अकरा वस्तू निघाल्या. डॉक्टर बाईंनी त्या टेबलावर ओळीने मांडल्या. फेसवॉश, स्क्रब, गुलाबपाणी, कोरफडीचं जेल, व्हिटॅमिन सी सीरम, भाचीने दिलेलं आणखी एक सीरम, दोन पावडरी, फाउंडेशन, नाइट क्रीम म्हणून विकलेलं काहीतरी. आणि ती ट्यूब. त्यांनी ट्यूब फिरवून माझ्यासमोर धरली. "हे वाचलंत?"

दीड वर्षात वाचलं नव्हतं. डाव्या कडेला उभी लाल रेघ, खाली चौकटीत इशारा: नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये. आत तीन औषधं, हायड्रोक्विनोन, ट्रेटिनोइन आणि मोमेटासोन. यातलं तिसरं स्टेरॉइड. २०१८ मध्ये सरकारने चेहऱ्याला फासल्या जाणाऱ्या बऱ्याच स्टेरॉइड क्रीम शेड्यूल एचमध्ये टाकल्या, म्हणजे चिठ्ठी हवीच. डॉक्टर म्हणाल्या, औषध खोटं नाही. वांगासाठी आम्हीही देतो, पण मोजके आठवडे आणि डोळ्यांसमोर ठेवून. स्टेरॉइड रक्तवाहिन्या आकसवतं, लाली आणि सूज दाबून टाकतं, म्हणून चेहरा गोरा झाल्यासारखा वाटतो. महिनोन्‌महिने लावलं की कातडी पातळ होते, शिरा फुगतात, लव वाढते, पुळ्या येतात, आणि सोडलं की दाबून ठेवलेलं सगळं एकदम उसळतं. कागदावर त्यांनी लिहिलं: टॉपिकल स्टेरॉइड डॅमेज्ड फेस, म्हणजे स्टेरॉइड लावून लावून बिघडलेला चेहरा. गजकर्ण का पसरलं तेही तिथेच कळलं. त्वचेचा प्रतिकार स्टेरॉइडने झोपवला की बुरशीला रान मोकळं.

अकरापैकी एकही वस्तू परत लावायची नाही, असं ठरलं. हातात उरल्या तीन गोष्टी: साबण नसलेलं साधं क्लीन्झर, बिनवासाचं मॉइश्चरायझर आणि झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन. सोबत रात्रीसाठी टॅक्रोलिमस हे बिनस्टेरॉइडचं मलम आणि पोटात घ्यायला डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक. गोळी भरपूर पाण्याबरोबर घ्यायची, लगेच आडवं व्हायचं नाही. हे माझ्यासाठी होतं. कोणाला क्रीम एकदम बंद करायला सांगतात, कोणाला हळूहळू कमी करायला. ते चेहरा बघूनच ठरतं, म्हणून माझं प्रिस्क्रिप्शन कोणी उतरवून घेऊ नका.

जुलै होता. पहिले चार आठवडे कसे गेले ते सांगत बसत नाही, फोटो आहेत पण कोणाला दाखवायचे नाहीत. पुळ्या, साल निघणं, आणि रात्री अशी आग की मी उशीवर ओला पंचा घालून झोपायचे. टॅक्रोलिमसनेही सुरुवातीला झोंबलं. ट्यूब कचऱ्यात टाकलेली होती, पण मेडिकल गल्लीच्या टोकाला. दोनदा चप्पल पायात घातली होती. एकदा तर रस्त्यापर्यंत गेले आणि कोथिंबीर घेऊन परत आले.

त्यातच महालक्ष्म्या. घर बायकांनी भरलेलं, आणि प्रत्येकीचा पहिला प्रश्न "हे काय झालं?" मामेसासूबाईंनी हळद-बेसन-लिंबू कालवून वाटीच आणून ठेवली. लिंबाने पूर्वी मीच चेहरा घासलाय, म्हणून नंतर डॉक्टरांना विचारलं. आपल्या त्वचेचा सामू (पीएच) साधारण साडेचार ते साडेपाच, किंचित आंबट. साध्या साबणाचा नऊ-दहा, लिंबाच्या रसाचा दोनच्या आसपास. निरोगी कातडी दोन्ही धक्के पचवेल, माझी नाही. शिवाय लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर काळे डाग पडतात, म्हणजे वांगावर लिंबू हा उपाय म्हणजे आगीतून फुफाट्यात.

डावा गाल जास्त काळा का, याचं उत्तर त्यांनी मला एका प्रश्नात दिलं. "ऑफिसात खिडकी कोणत्या बाजूला?" डावीकडे. मोठी काचेची. उन्हातल्या अतिनील किरणांपैकी काचेने यूव्हीबी अडतात, यूव्हीए बरेचसे आत येतात, आणि ढग असले तरी येतातच. मी मात्र पावसाळ्यात सनस्क्रीन कशाला म्हणून बाटली माळ्यावर टाकत असे. आणखी एक गोष्ट तर पहिल्यांदाच ऐकली: वांग डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडानेही वाढतो. तो उजेड साध्या सनस्क्रीनने अडत नाही. त्यासाठी आयर्न ऑक्साइड असलेलं, रंगीत सनस्क्रीन लागतं. पुढे हेच माझं रोजचं फाउंडेशन झालं. नुसत्या झिंकने माझा सावळा चेहरा राखेत लोळल्यासारखा दिसायचा. रंगीतमध्ये ती पांढुरकी झाक गेली आणि डागही अर्धे झाकले.

सनस्क्रीन किती लावायचं, हे मी वर्षानुवर्षं चुकत होते. वाटाण्याएवढं घ्यायचे. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर टोकापासून मुळापर्यंत रेघ ओढायची, तेवढं चेहऱ्याला आणि मानेला. पहिल्या दिवशी ते पिठलं फासल्यासारखं वाटतं. एसपीएफ ३० नीट लावलं तर सुमारे ९७ टक्के यूव्हीबी अडवतं, ५० लावलं तर ९८. वाटाण्याएवढं लावलेलं शंभरचं लेबलही कामाचं नाही. उन्हात असलं तर दर दोन तासांनी परत. मी जेवणाच्या सुट्टीत आणि निघताना लावते. बाकी बाया डबा धुतात तेव्हा मी तोंड रंगवते, अशी ऑफिसात थट्टा आहे.

ऑक्टोबरचं ऊन निघालं आणि मी पुन्हा स्कार्फ काढला. आमच्याकडे स्कूटीवर स्कार्फ आणि सनकोट म्हणजे गणवेशच. पण सिंथेटिक स्कार्फच्या घासण्यानेच गाल सोलत होते. सुती घेतले, पाच, आणि मुलांच्या रुमालांसारखे रोज धुवायला टाकू लागले. दिवाळीला उटणं अंगाला लावलं, तोंड सोडून. सासूबाई नाराज झाल्या, पण अभ्यंगस्नानाचं पुण्य मानेपर्यंतच मिळालं तरी मला चाललं असतं.

थंडीने खरी परीक्षा घेतली. नागपूरची थंडी कोरडी. डिसेंबरात पारा दहाच्या खाली गेला की कातडीला भेगाच पडतात. कढत पाण्याने तोंड धुणं बंद केलं, कोमट. टॉवेलने टिपून घ्यायचं, पुसायचं नाही, आणि चेहरा ओलसर असतानाच मॉइश्चरायझर. पाणी सुकल्यावर लावलं तर तेच क्रीम निम्मंच काम करतं असं मला वाटतं. रात्री ओठांवर आणि नाकपुड्यांच्या कडेला व्हॅसलीन. जानेवारी उजाडेपर्यंत आग थांबली होती. तव्यासमोर उभी राहिले तरी लाली कानापर्यंत जात नव्हती.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सहा महिन्यांनी लिपस्टिक लावली. त्याआधी दोन दिवस कानामागे आणि कोपराच्या आत लावून पाहिली. नवीन काहीही आता मी आधी असंच तपासते. थंडीत मॅट लिपस्टिक ओठांच्या भेगांत जाऊन बसते, म्हणून आधी व्हॅसलीन, पाच मिनिटांनी टिश्यूने टिपून मग क्रीमी लिपस्टिक. तीच बोटाने गालांवर थोपटली. पावडर नाहीच, कोरड्या कातडीवर पावडर म्हणजे भिंतीचा पोपडा. टिकलीचीही गंमत झाली. कपाळावर टिकलीच्या जागी खाज यायची, ती मी चेहऱ्याच्या खात्यात धरत होते. टिकलीच्या गोंदातल्या रसायनाने काहींना तिथे पांढरा डाग पडतो, हे कळल्यावर आजीची पद्धत काढली. मेणाचं बोट आणि वर कोरडं कुंकू. हळदीकुंकवाला आलेल्या बायांना माझ्या चेहऱ्यापेक्षा त्या मेणाच्या डबीचंच कौतुक जास्त.

मार्चमध्ये डॉक्टरांनी वांगासाठी ॲझेलिक ॲसिड सुरू केलं, कमी जोराचं, एक दिवसाआड. होळीला खेळायच्या आधी मॉइश्चरायझरचा जाड थर दिला आणि रंग घासून काढला नाही. दोन दिवस कान हिरवे राहिले, राहू दिले.

मग मे, आणि पुतण्याचं लग्न. आमच्याकडे लग्नं नेमकी ४५ अंशांतच का काढतात, हे मुहूर्त काढणाऱ्यांनाच ठाऊक. घरच्या सगळ्या बायांसाठी पार्लरवाली बोलावली होती, दुसरी. तिने येताच ब्लीचचा डबा उघडला. मी हात जोडले. मग तिने माझ्या रंगापेक्षा दोन शेड उजळ फाउंडेशन काढलं. मी तिला जबड्याच्या कडेवर तीन रेघा ओढायला लावल्या आणि दारात जाऊन उन्हात आरसा धरला. खोलीतल्या पिवळ्या दिव्याखाली तिन्ही सारख्या दिसत होत्या. उजेडात दोन रेघा पिठाच्या निघाल्या, एक नाहीशी झाली. नाहीशी झाली ती माझी.

बाकी मेकअप मीच केला. जेलसारखं हलकं मॉइश्चरायझर, वर रंगीत सनस्क्रीन दोन बोटं, आणि मग पंधरा मिनिटं काहीच नाही. ही पंधरा मिनिटं महत्त्वाची; थर ओला असताना वर काही लावलं की सगळं गोळे होऊन निघतं. मी तेवढ्यात आहेराची पाकिटं भरली. वांगावर आधी नारिंगी करेक्टर अगदी टिकलीएवढा, कारण काळपट-तपकिरी डागावर सरळ त्वचेच्या रंगाचं कन्सीलर थापलं तर तो राखाडी दिसतो. त्यावर कन्सीलर, बोटाच्या उबेने थोपटून. फाउंडेशन तेवढ्याच भागाला, कपाळाला आणि नाकाला जवळजवळ नाहीच, कारण घाम तिथेच सुटतो आणि तिथूनच मेकअप उतरतो. पावडर फक्त नाक, वरचा ओठ आणि हनुवटीवर. घाम आला की पुसायचं नाही, टिश्यू दाबायचा. मांडवात कूलर होते, पण ते नवरदेवाकडच्या पुरुषांच्या दिशेने लावलेले. तरी वरमाला होईपर्यंत चेहरा टिकला. जाऊबाईंचा जेवणाच्या पंगतीआधीच उतरला होता. तिला मी तेव्हा काही बोलले नाही. ती क्रीम तिनेही सोडलीय, माझ्यानंतर तीन महिन्यांनी, त्याच डॉक्टरांकडे जाऊन.

महिन्याभराने अल्बम आला. फोटोवाल्याने कोणाला न विचारता सगळ्यांना गोरं करून टाकलं होतं. माझे डाग गायब, शिरा गायब, नाकाची कडही थोडी गायब. जन्मभर संत्र्याच्या बागेत राबलेले आमचे काकाजी गुलाबी. त्यांनी चष्मा लावून तो फोटो बराच वेळ न्याहाळला आणि मला विचारलं, "सूनबाई, हा फेटेवाला कोण व्हय?"