एकोणतीस जणांचे बाद होणे

डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकी व्यावसायिक कुस्तीच्या कंपनीच्या रॉयल रंबल या सामन्यात तीस पैलवान उतरतात आणि त्यांतला एक जिंकतो. जाहिराती, बातम्या आणि विक्रमांच्या याद्या त्या एकाचीच दखल घेतात. मला मात्र उरलेल्या एकोणतीस जणांचेच आकर्षण वाटत आले आहे. निकाल आधी ठरलेला असतो हे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे, आणि ‘सगळी नुरा कुस्ती’ हा शेरा टीव्हीसमोरून जाता-येता घरातले कोणी ना कोणी वडीलधारे ऐकवतातच. त्यांचे म्हणणे खरे आहे. पण कोण जिंकणार हे ठरले, तरी बाकीच्यांना तासाभरात, एकापाठोपाठ एक, ज्याच्या त्याच्या लौकिकाला साजेल अशा रीतीने बाहेर घालवण्याचे काम उरतेच; आणि मी रंबल पाहतो तो हे काम कसे पार पडते ते पाहण्यासाठी.

या खेळाची कल्पना पॅट पॅटरसन यांची. माँट्रियलमध्ये जन्मलेल्या आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या आखाड्यांत बरीच वर्षे काढलेल्या या पैलवानाला बॅटल रॉयल हा प्रकार चांगलाच परिचयाचा होता. त्यात पंधरा-वीस जणांना एकाच वेळी रिंगणात सोडत, आणि पहिली काही मिनिटे नुसती झोंबाझोंबी चाले. कोण कोणाला धरतो आहे ते कोणालाच नीट दिसत नसे. पॅटरसन यांनी एवढाच बदल केला, की सुरुवातीला दोघांनाच उतरवायचे आणि मग ठरावीक अंतराने एकेकाला आत पाठवायचे. २४ जानेवारी १९८८ रोजी कॅनडातल्या हॅमिल्टन शहरात पहिले रंबल झाले, तेव्हा वीस जण होते. जिम डगन जिंकला. पुढच्या वर्षी संख्या तीस झाली आणि एखाद-दुसरा अपवाद सोडला तर तीच कायम राहिली. दोन पैलवानांमधले अंतर कधी दोन मिनिटांचे, कधी दीड मिनिटाचे जाहीर करतात. ते घड्याळ सोयीनुसार ताणते आणि आक्रसते हे जुन्या प्रेक्षकांच्या लक्षात आलेले असते, पण त्याबद्दल कोणी तक्रार करीत नाही.

बाद होण्याचा नियम एका ओळीत सांगता येतो. सर्वांत वरच्या दोरीवरून बाहेर जायचे आणि दोन्ही पाय रिंगणाबाहेरच्या जमिनीला लागायचे. कोल्हापूरच्या खासबाग मैदानाचे नाव ऐकत वाढलेल्या माणसाला हा नियम प्रथम विचित्र वाटतो. आपल्याकडे पाठीला माती लागली की पैलवान चितपट झाला, मग वाद नाही. रंबलमध्ये पाठ कितीही वेळा टेकवा, तिला किंमत शून्य. पाय टेकले की खेळ संपला. गंमत अशी, की हा फरक एकदा त्यांच्यातल्याच एका मुरलेल्या पैलवानाच्या ध्यानातून गेला. १९९३ साली शेवटी दोघेच उरले होते, रँडी सॅव्हेज आणि सुमारे सव्वादोनशे किलोंचा योकोझुना. सॅव्हेजने टर्नबकलवरून, म्हणजे रिंगणाच्या कोपऱ्यावरून, उडी घेऊन त्या धिप्पाड देहाला खाली पाडले आणि जन्मभराच्या सवयीने वर आडवे पडून तो पंचाच्या मोजणीची वाट पाहू लागला; एरवीच्या सामन्यांत पाठ टेकलेल्याला तसे दाबून ठेवले आणि पंचाने तीन मोजले की जिंकता येते. मोजायचे तर काहीच नव्हते. योकोझुनाने पडल्या पडल्या त्याला असे उसळवून दिले, की तो थेट दोरीपलीकडे गेला. अर्थात हेही ठरलेलेच होते. पण ठरवणाऱ्याने त्या माणसाचे अधीर, आंधळेपणाने झेपावणारे रूप किती नेमके हेरले होते पाहा.

आमच्या संगीत नाटकांत नटाच्या नुसत्या एन्ट्रीला टाळ्या पडत, आणि तशा टाळ्या रंबलमध्ये प्रत्येक नव्या क्रमांकाला पडतात. घड्याळाचे शेवटचे दहा आकडे सारे प्रेक्षागृह एका सुरात मोजते, कोणाचे तरी संगीत वाजते, आणि जो येईल त्याचे स्वागत होते. प्रवेश सोपा असतो. निर्गमनात मात्र पैलवानाचा कस लागतो, कारण जाणाऱ्याला दोनच क्षण मिळतात आणि तेवढ्यात त्याचे सारे व्यक्तिमत्त्व दिसावे लागते. १९८९ सालचा आंद्रे द जायंट घ्या. सात फुटांहून उंच म्हणून मिरवलेल्या या माणसाला बाहेर काढायचे कसे? त्याला एकट्याने उचलले असते तर कोणाला पटले नसते; चौघापाचांनी मिळून ढकलले असते तर त्यात नवे काही नव्हते. म्हणून त्याने आधी बाहेर फेकलेला जेक रॉबर्ट्स आपला साप घेऊन परत आला, आणि सापाला घाबरणारा आंद्रे स्वतःच दोरी ओलांडून चालता झाला. राक्षसाला कोणी हरवले नाही, आणि तरीही तो बाद झाला. मला हा तोडगा फार आवडतो.

हल्क होगनचे १९९२ मधले बाद होणे याच्या अगदी उलट होते. त्याला सिड जस्टिसने मागून उचलून बाहेर टाकले. नियमाप्रमाणे त्यात गैर काहीच नव्हते, कारण इथे प्रत्येकजण प्रत्येकाचा शत्रू असतो. पण होगन खाली उभा राहून भांडू लागला, सिडचा हात धरून ओढू लागला, आणि ती संधी साधून रिक फ्लेअरने सिडला ढकलून विजेतेपद पटकावले. फ्लेअर तिसऱ्या क्रमांकावर आला होता आणि सुमारे तासभर टिकला होता, त्यामुळे त्या रात्रीचे कौतुक त्याच्या वाट्याला आले ते योग्यच होते. माझ्या लक्षात मात्र जास्त राहिला तो लाखो मुलांचा आदर्श असलेला नायक, ज्याला हार पचवता आली नाही. केबल घरोघरी पोहोचली त्या काळात आमच्याकडे या पैलवानांच्या खेळायच्या पत्त्यांचे वेड होते. उंची, वजन, छाती, दंड, लढलेल्या कुस्त्या, जिंकलेल्या कुस्त्या असे सगळे आकडे त्या पत्त्यांवर छापलेले असत. कोण कसा हरतो याचा रकाना तेवढा नव्हता.

सँटिनो मरेला हा विदूषकी ढंगाचा पैलवान २००९ साली आत पाऊल टाकतो न टाकतो तोच केनने त्याला एका फटक्यात बाहेर उडवले. अधिकृत वेळ १.९ सेकंद, म्हणजे द वॉरलॉर्डचा वीस वर्षांपूर्वीचा दोन सेकंदांचा विक्रम मोडला. दोनच वर्षांनी, पहिल्यांदाच चाळीस जणांचे रंबल भरले तेव्हा, अल्बर्टो डेल रिओ विजयाच्या आनंदात असताना हाच सँटिनो मागून अवतरला. तो वरच्या दोरीवरून गेलेलाच नव्हता, म्हणजे नियमाने अजून जिवंत होता. काही क्षण सारे प्रेक्षागृह खरोखरच त्याच्या बाजूने उभे राहिले, आणि मग तो बाद झाला. चाळिसांत दुसरा, आणि तो १.९ सेकंदांचा धनी! कोफी किंग्स्टनने तर बाद न होण्याचीच कला केली. २०१२ साली त्याचे पाय जमिनीला लागायचेच बाकी होते, तेव्हा तो हातांवर उलटा चालत लोखंडी पायऱ्यांपर्यंत गेला आणि पुन्हा आत शिरला. पुढच्या वर्षी समालोचकाच्या खुर्चीच्या आधाराने उड्या मारत परतला. ‘दोन्ही पाय’ या दोन शब्दांत एवढी जागा आहे हे पॅटरसन यांना १९८८ साली दिसले होते की नाही, कोण जाणे.

त्याच दोन शब्दांनी एकदा सगळा बेत उधळलाही. १९९४ साली ब्रेट हार्ट आणि लेक्स ल्यूगर एकाच वेळी खाली पडले आणि दोघांनाही विजेते घोषित करण्यात आले. ते नाट्य मुद्दाम रचलेले होते. पण ३० जानेवारी २००५ रोजी कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोमध्ये बटिस्टा आणि जॉन सीना दोरीवरून एकत्र कोसळले, तेव्हा तसे कोणीच ठरवलेले नव्हते. बटिस्टा जिंकायचा होता. सीनाने त्याचा डाव उलटवला, दोघांचाही तोल गेला, आणि दोघांचे पाय जवळजवळ एकाच क्षणी जमिनीला टेकले. एका गटाचे पंच बटिस्टाचा हात वर करू लागले, दुसऱ्या गटाचे सीनाचा, आणि कोणाच्याच चेहऱ्यावर पुढे काय करायचे ते दिसेना. इतक्यात कंपनीचे मालक व्हिन्स मॅकमहन पडद्यामागून तणतणत आले, रिंगणात घुसण्यासाठी त्यांनी आवेशाने अंग झोकून दिले, आणि त्या धडपडीत त्यांच्या दोन्ही मांड्यांचे स्नायू फाटले. त्यांना उभे राहता येईना. मग मालकाने रिंगणातच बैठक मारून, संतापलेला चेहरा तसाच ठेवून, सामना पुन्हा सुरू करण्याचा हुकूम सोडला. बटिस्टाने सीनाला एकदाचे बाहेर टाकले आणि कथा पूर्वीच्या रुळावर आली. नुरा कुस्तीच्या आरोपावर यापेक्षा चांगले उत्तर मला सुचत नाही. निकाल लिहून ठेवता येतो. दोन माणसांचे मिळून दोनशेहून अधिक किलोंचे वजन दोरीवरून कोणत्या बाजूला कलंडेल, ते लिहून ठेवता येत नाही.

बाहेर पडणेही खरेच असते, हे विसरू नये. रिंगण जमिनीपासून साधारण मीटरभर उंच, वरची दोरी त्याहूनही मीटरभर वर, आणि खाली अंथरलेली गादी पातळ. फेकला जाणारा दोरी धरून आपणच उडी घेतो आणि फेकणारा त्याला सांभाळून सोडतो; दोघांपैकी एकाचा अंदाज चुकला तरी गुडघा किंवा खांदा जायबंदी होतो. २०१८ साली फिलाडेल्फियात स्त्रियांचे पहिले रंबल झाले, असुका जिंकली, आणि तीस जणींनीही हीच उंची, हीच जमीन पत्करली.

भारतीय प्रेक्षकाचा जीव २००७ मध्ये अडकला होता तो द ग्रेट खलीमध्ये. हिमाचलचा हा माजी पोलीस अठ्ठाविसाव्या क्रमांकावर आला, त्याने पाहता पाहता सात जणांना बाहेर भिरकावले, आणि तिसाव्या क्रमांकावर आलेल्या अंडरटेकरने त्याला घालवले. त्याच वर्षी जुलैत वीस जणांची बॅटल रॉयल जिंकून खली जागतिक विजेता झाला, म्हणजे ते देणे लवकरच फिटले. त्या रंबलमध्ये शेवटी अंडरटेकर आणि शॉन मायकल्स एवढेच उरले. १९९५ साली पहिल्या क्रमांकावर उतरून, एकच पाय जमिनीला लागल्याच्या आधारावर परत येऊन, विजयोत्सवात रमलेल्या ब्रिटिश बुलडॉगला ढकलून रंबल जिंकलेला हाच तो मायकल्स. २००७ चा हा सामना त्याच्याच गावी, सॅन अँटोनिओत होता. दोघे कितीतरी मिनिटे एकमेकांना कडेपर्यंत नेत आणि परत आणत राहिले, आणि प्रत्येक वेळी आता गेलाच असे वाटत राहिले. अखेरीस मायकल्सची लाथ परतवून अंडरटेकरने त्याला दोरीवरून भिरकावले आणि तिसाव्या क्रमांकावरून जिंकणारा तो पहिला ठरला. मायकल्सचे या वेळी दोन्ही पाय टेकले होते.