कॅरोलाइनला केमिस्ट्री आवडत नव्हती

जेन मार्सेटचं नाव मी सांगलीत बीएस्सी करताना एकदाही ऐकलं नव्हतं. विजेवरच्या शोधांसाठी प्रसिद्ध असलेला शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडे मात्र पाठ होता, त्याचे नियम, त्यावरची गणितं, सगळं. फॅरेडेला केमिस्ट्रीचा पाया जिच्या पुस्तकाने घालून दिला ती बाई मला इथे लंडनला शिकवायला लागल्यावर कळली, आणि आता मी तिच्याबद्दल भेटेल त्याला सांगत असते.

मी ईस्ट लंडनमधल्या एका सरकारी शाळेत सायन्स टीचर आहे. त्या दिवशी इयर नाइनला हायड्रोजन दाखवायचा होता, तेरा-चौदा वर्षांची पोरं. सुरुवातीलाच मागच्या बाकावरची एक मुलगी, हुशार आहे पण केमिस्ट्री म्हटलं की कपाळाला आठ्या, ती सरळ म्हणाली, मिस, फिजिक्समध्ये निदान ग्रहतारे तरी असतात, इथे नुसत्या बाटल्या आणि चिमूट-चिमूट पावडरी. मला इतका आनंद झाला काय सांगू, कारण हेच वाक्य, जवळजवळ असंच, १८०६ च्या पुस्तकात आहे!

मार्सेटबाईंच्या 'कॉन्व्हर्सेशन्स ऑन केमिस्ट्री'मध्ये मिसेस बी नावाच्या बाई कॅरोलाइन आणि एमिली या दोन मुलींना शिकवतात, आणि पहिल्याच संवादात कॅरोलाइन म्हणते की मला केमिस्ट्रीबद्दल फारसं चांगलं मत नाही, निसर्गाचं भव्य रूप दाखवणारी शास्त्रं मला आवडतात, असले बारीकसारीक तपशील नाहीत. मग मिसेस बी तिला न रागावता सांगतात की तू केमिस्ट्री औषधवाल्याच्या दुकानात कोंबते आहेस, निसर्गाची स्वतःची प्रयोगशाळा बघ, ती विश्वाएवढी आहे. पुस्तक नेटवर फुकट आहे, मी लगेच पान उघडलं आणि त्या मुलीलाच कॅरोलाइन वाचायला लावलं, तिच्या मैत्रिणीला एमिली, मिसेस बी मी. जुनी इंग्लिश आहे, अडखळत वाचलं तिने, पण तिसऱ्या ओळीला थांबून म्हणाली, मिस, ही तर मीच आहे. आणि वर्ग गप्प झाला, खरंच ऐकायला लागला.

मग प्रयोग. झिंकचे तुकडे, डायल्यूट सल्फ्युरिक अ‍ॅसिड, समोर सेफ्टी स्क्रीन, सगळ्यांना गॉगल. आधी बुडबुड्यांबरोबर भांड्यातली हवा निघून जाऊ द्यायची, टेस्ट ट्यूबमध्ये गॅस धरून ज्योतीजवळ न्यायचा, टुकदिशी मोठा आवाज आला म्हणजे अजून हवा मिसळलेली आहे, थांबायचं. हे पोरांना मी मुद्दाम करून दाखवते, घाई केली तर भांडं फुटतं. आवाज अगदी मऊ झाला तेव्हाच बारीक नळीच्या टोकाशी गॅस पेटवला आणि त्या ज्योतीवरून एक कोरडी रुंद काचेची नळी हळूहळू खाली आणली. आधी काचेवर आतून धूसर वाफ धरली, मग बारीक थेंब, मग एक थेंब ओघळला. नळी थोडी वर-खाली केली आणि ती वाजायला लागली, शंख लांबून ऐकू यावा तसा एकसारखा सूर. पोरं अक्षरशः बाकांवरून उठली. मार्सेटबाईंनी हे दोन्ही प्रयोग पुस्तकात दिलेत, जळणाऱ्या हायड्रोजनमधून पाणी आणि नळीतून सूर, सोबत उपकरणांची चित्रं, आणि ती चित्रं त्यांनी स्वतः काढलेली आहेत.

एकाने विचारलं, ही सायंटिस्ट होती का? मी म्हटलं, मुलींना युनिव्हर्सिटीचं दार बंद होतं रे तेव्हा. वडील लंडनमधले स्विस व्यापारी, त्यामुळे घरी शिक्षण चांगलं झालं, नवरा अलेक्झांडर मार्सेट गायज हॉस्पिटलमध्ये डॉक्टर आणि केमिस्ट्रीचा नादी. रॉयल इन्स्टिट्यूशन या लंडनच्या विज्ञानसंस्थेत हम्फ्री डेव्ही या नामवंत रसायनशास्त्रज्ञाची व्याख्यानं बायकांनाही ऐकता यायची, तिथे ती जायची, पण व्याख्यान भराभर पुढे जायचं आणि सगळं डोक्यात शिरायचं नाही. मग घरी एका जाणकार मित्राशी बोलताना, त्याच्याबरोबर प्रयोग करून बघताना उलगडत गेलं. म्हणून पुस्तक संवादाचं. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते, की तिने आपल्याला कुठे कळलं नाही ते नीट लक्षात ठेवलं आणि नेमक्या त्या जागी कॅरोलाइनच्या तोंडी प्रश्न घातला. मी रोज शिकवते, मला माहितीय हे किती अवघड आहे, एकदा आपल्याला कळलं की न कळणं विसरायलाच होतं.

फॅरेडे लोहाराचा मुलगा, बुकबाइंडरकडे उमेदवारी करायचा आणि बांधणीला आलेली पुस्तकं वाचायचा, त्यात हे सापडलं. त्याने काय केलं, तर परवडतील ते छोटे प्रयोग स्वतः करून पुस्तक खरं बोलतंय का ते तपासलं, आणि ते खरं निघालं. म्हातारपणीही, बाई १८५८ मध्ये वारल्यावर, त्याने पत्रात त्यांचे उपकार लिहून ठेवलेत. तो मोठा झाल्यावर बाई आपल्या नव्या आवृत्तीसाठी त्यालाच त्याच्या नव्या शोधांबद्दल विचारायच्या! पुस्तक जवळजवळ पन्नास वर्षं आवृत्ती-आवृत्तीने सुधारत राहिल्या, इंग्लंडमध्ये सोळा आवृत्त्या.

आणि पहिल्या पानावर नाव नाही. प्रस्तावनेत लेखिका स्त्री आहे एवढंच. नाव छापलं गेलं ते १८३७ च्या तेराव्या आवृत्तीत, आणि अमेरिकेत तर पुस्तकावर टिपा लिहिणाऱ्या पुरुष संपादकांची नावं झळकत होती. हे ऐकून वर्गातल्या मुली जाम चिडल्या, आणि चिडायलाच पाहिजे, मी कोणाला शांत केलं नाही.

आमची कॅरोलाइन मात्र अजून त्या नळीकडेच बघत होती. थेंबावर कोबाल्ट क्लोराइडचा निळा कागद (पाणी लागलं की याचा रंग बदलतो) लावून तो गुलाबी होताना तिनेच बघितला आणि मग विचारलं, मिस, जळून पाणी झालं ना, मग पाण्यातून हा गॅस परत काढता येईल? मी म्हटलं, १८०० मध्ये याच शहरात निकल्सन आणि कार्लाइल यांनी बॅटरी लावून काढलाय, सोमवारी आपण काढू. तास सुटल्यावर टेक्निशियनला बॅटऱ्या आणि इलेक्ट्रोडची चिठ्ठी देऊनच घरी गेले.