दाखला हातात देऊन काय होणार?

मुलाच्या दप्तरात तंबाखूची पुडी सापडली की शाळेचं पहिलं वाक्य ठरलेलं: "मॅडम, दाखला देऊन मोकळे होऊ." मी महापालिकेच्या शाळांमध्ये समाजकार्यकर्ती म्हणून जाते आणि माझी बरीचशी शक्ती हा दाखला थांबवण्यातच खर्च होते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 16 नुसार आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढताच येत नाही. पण आल्या आल्या कलम काढलं की मुख्याध्यापक बिथरतात, म्हणून आधी चहा घेते.

यंदा सातवीतल्या एकाने शेजारच्याला कर्कटक टोचलं. दप्तर झाडलं, पुडी निघाली. छडी मिळाली (तिलाही त्याच कायद्याच्या कलम 17 ने बंदी आहे, पण असो). घरी गेले तर आजीसाठी तव्यावर मिश्री भाजायचं काम त्याच्याकडेच. रात्री बाप पिऊन आला की मार. मला म्हणाला, "तोंडात असली की राग येत नाय." आता याला दाखला देऊन कुठे पाठवायचं, त्या घरी?

फाटकाबाहेर 100 यार्डांवर पिवळी रेषा आखलीय. रेषेच्या आत तंबाखू विकायला बंदी, पण टपरी आतच. 2003 च्या तंबाखू कायद्यात याला दंड 200 रुपयांपर्यंत, तो टपरीवाला हसत भरतो. बाल न्याय कायद्याच्या कलम 77 मध्ये मुलाला तंबाखू दिल्यास 7 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाखापर्यंत दंड आहे. पण तक्रार करणार कोण? काही सरांची चुना-तंबाखू तिथूनच येते, तीही पोरांच्या हातून.

आपले उपक्रम म्हणजे दिनविशेष. तंबाखूविरोधी दिन 31 मेला, तेव्हा आपल्या शाळांना सुट्टी. अमली पदार्थविरोधी दिन 26 जूनला, त्याच दिवशी शाहू जयंती. एकाच हाराच्या खर्चात शपथही उरकते.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, म्हणून यंदा मागणी तिथे मांडली: आठवड्यातून एक ठरलेला दिवस समाजकार्यकर्तीचा, आणि बोलायला दार लागणारी एक खोली. एका आईने लगेच विचारलं, "नवऱ्याला घेऊन आलं तर चालेल का?" चालेल म्हटलं. खोली आहे, पण तिच्यात पोषण आहाराचा तांदूळ ठेवलाय. पोती हलवायला शिपाईमामा तयार आहेत. ठरावावर अध्यक्षांची सही तेवढी व्हायचीय.